अडीचशे रुपयांचं काय घेऊन बसलीस!

मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला जरा धडकीच भरते. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट घडली मराठीत, त्यामुळे सांगणार पण मराठीतच.

२०२५ च्या मे महिन्याची अखेर. आपल्या हॉस्टेलवर सबमिशनचा सीझन. रात्री दोन-दोनपर्यंत जर्नल उतरवणं, मेसचा गार चहा, आणि प्रत्येक रूममधून कुणाचा ना कुणाचा खोकला. पेपरात परत कोरोनाच्या बातम्या यायला लागल्या होत्या. जेएन.१, एनबी.१.८.१... व्हायरसची नावं आहेत की मशीनच्या पार्टचे नंबर, हेच कळत नव्हतं! आम्ही त्यावर जोक मारले आणि विसरलो.

मला तीन दिवस खोकला होता, अंग दुखत होतं, रात्री थोडा ताप. माझी रूममेट म्हणाली, "अगं, ते घरी करायचं किट मिळतं, मागवूया का?" त्यावर शेजारच्या रूममधली एकजण पटकन म्हणाली, "अडीचशे रुपयांचं काय घेऊन बसलीस! पॉझिटिव्ह आलं तर उद्याची ओरल तू देणार काय हॉलमध्ये बसून?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. किट मागवलं नाही. ओरल दिली आणि दोन दिवसांनी बॅग भरून घरी निघाले.

माझं घर गडहिंग्लजला. वडगावातून वडापने तावडे हॉटेल, तिथून सीबीएस, मग कागल, निपाणी, संकेश्वर करत जाणारी एसटी. वडापमध्ये आम्ही किती होतो विचारू नका, बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. बॅगेच्या तळाशी एक मास्क होता, पण त्याची नाडी तुटलेली. पाच रुपयांचा नवीन मास्क घ्यायला सीबीएसवर उतरून वीस पावलं चालावं लागलं असतं. मी चालले नाही.

घरी आज्जी. वय ७८. गेल्या गेल्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. चौथ्या दिवशी तिला ताप आला, सहाव्या दिवशी धाप लागायला लागली. दवाखान्यात टेस्ट केली, पॉझिटिव्ह. सहा दिवस ऑक्सिजनवर होती. आता बरी आहे, पण देव्हाऱ्याजवळची दोन पायऱ्या चढली तरी थांबते, भिंतीला हात लावते.

माझ्यामुळे झालं का? सांगता येत नाही. लोक येत-जात होते, बाजारातून कुणीही आणलं असेल. पण मला सांगता येत नाही याचं कारण एकच, मी टेस्ट केलीच नव्हती. दवाखान्याच्या बिलाचा आकडा इथे लिहीत नाही. फक्त एवढंच सांगते, त्या पैशात शंभरावर किट आली असती. पप्पा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येते. त्या रात्री मी टेस्ट केली नाही ती पैसे नव्हते म्हणून नाही. त्याच आठवड्यात आम्ही मिसळ खायला कोल्हापूरला गेलो होतो! मी टेस्ट केली नाही, कारण रिझल्ट आल्यावर काय होईल याची भीती होती. ओरल बुडणार, टर्मवर्क जाणार, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागणार. म्हणजे किटची किंमत अडीचशे नव्हतीच. खरी किंमत किटच्या आत होती, त्या दुसऱ्या लाल रेघेत.

याच्या उलट एक आठवण सांगते. ऑगस्ट २०२१. निपाणीच्या मामाला मुलगी झाली होती, बारसं होतं. आम्ही दहावीच्या परीक्षेशिवाय पास झालेल्या बॅचचे, त्यामुळे मोकळेच होतो. गडहिंग्लज ते निपाणी म्हणजे आमच्यासाठी शेजारचं गाव. पण मध्ये कर्नाटकची हद्द. महाराष्ट्रातून जाणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. कागलच्या पुढे कोगनोळी नाक्यावर तर लोक हातात रिपोर्ट धरून उभे असायचे. खाजगी लॅबचा दर तेव्हा आपल्या राज्य सरकारने ५०० रुपयांवर आणला होता. २०२० च्या मार्चमध्ये हीच टेस्ट ४५०० पर्यंत होती, त्या मानाने स्वस्तच. पण आम्ही घरात चौघं. चार गुणिले पाचशे, दोन हजार. बारशाला दोन हजार रुपये रिपोर्टवर घालायचे? शेवटी आई एकटी गेली. कुंची घेऊन!

त्याच वर्षी १९ मे ला पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोव्हिसेल्फ किटला आयसीएमआरची मान्यता मिळाली होती. आपल्या महाराष्ट्रात तयार झालेलं, घरच्या घरी करायचं देशातलं पहिलं किट. किंमत २५० रुपये, पंधरा मिनिटांत रिझल्ट. पप्पा म्हणाले होते, हे का चालत नाही नाक्यावर? नाही चालायचं. कारण नाकात कांडी कुणी घातली, कुणाच्या घातली, याचा पुरावा नाही. मग काही लोकांनी नाक्यासाठी खोटे रिपोर्ट बनवले, ते पकडले गेल्याच्या बातम्या पण आपण वाचल्या.

मला आता वाटतं, टेस्ट दोन प्रकारच्या असतात. एक नाक्यावर दाखवायची, दुसरी आपल्याला कळायची. पहिलीसाठी आपण पैसे भरले, रांगा लावल्या, कारण समोर पोलीस उभा होता. दुसरीसाठी कुणीच उभं नसतं. १० जानेवारी २०२२ ला आयसीएमआरनेच सांगितलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने टेस्ट करायची गरज नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. हे सगळं बरोबरच झालं. जन्मभर नाक्यावर कोण उभं राहणार? पण नाका उठला म्हणून आज्जीचं वय कमी झालं का?

कुणी म्हणेल, आता काय, साधी सर्दीच आहे. आपल्यासाठी असेल. विशीतल्या, लस घेतलेल्या पोरापोरींसाठी. आपण तीन दिवस झोपतो आणि उठतो. पण आपण सुट्टीत जातो कुणाकडे? आजी-आजोबांकडे, शुगरवाल्या काकांकडे, नुकतंच बाळ झालेल्या ताईकडे.

कुणी म्हणेल, किटमध्ये चुकीचं पण येतं. येतं ना! पॉझिटिव्ह आलं तर ते खरं धरायचं. पण लक्षणं असून निगेटिव्ह आलं, तर लगेच सुटलो असं समजायचं नाही. दोन दिवसांनी परत करायची नाहीतर आरटीपीसीआर करायची, आणि तोवर मास्क. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघायची, वीस मिनिटांनंतर उगवलेली रेघ धरायची नाही. आणि घ्यायच्या आधी एक्सपायरी बघायची. प्रॅक्टिकलला आपण याच्यापेक्षा अवघड रीडिंग घेतो.

मास्कचं तर गणित अजून सोपं. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने मास्कचे कमाल दर ठरवले होते. ट्रिपल लेयरचा ४ रुपये, एन ९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. तेव्हापासून भाव थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण वडापच्या भाड्यापुढे मास्क म्हणजे काहीच नाही. आणि मास्क खोकणाऱ्याने घालायचा, हे पहिलं. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, सायलेन्सर गाडीला बसवतात, रस्त्यावरच्या माणसाला कानात कापूस घालायला सांगत नाहीत. फक्त तो पुढे वाल्व असलेला मास्क नको. त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच तसं बजावलं होतं.

मग करायचं काय? उपदेश करून कोण ऐकतं! मी स्वतः ऐकलं नव्हतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१ पासून वर्षभर ही घरगुती किट सगळ्यांना फुकट दिली गेली. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये सरकारने प्रत्येक घराला चार किट पोस्टाने फुकट पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे तसं होईल म्हणून वाट बघण्यापेक्षा आपल्या हॉस्टेलपुरतं बघू. समजा दोनशे जणांनी वर्षाला वीस-वीस रुपये काढले. झाले चार हजार. त्यात दहा किट आणि तीनशे साधे मास्क आरामात बसतात. रेक्टर ऑफिसच्या कपाटात ठेवायचे. किटला एक्सपायरी असते म्हणून एकदम न घेता गणपती, दिवाळी आणि सेमिस्टर एंड, अशा घरी जायच्या वेळांना थोडे थोडे घ्यायचे. सगळ्यांनी टेस्ट करायची नाही, ज्याला लक्षणं आहेत आणि घरी म्हातारं माणूस आहे त्यानेच. कपाटातून किट घेताना वहीत नाव लिहायचं नाही, फक्त एक टिक करायची.

हा झाला अडीचशेचा प्रश्न. पण मी आधी म्हटलं तसं तो छोटा प्रश्न आहे. मोठा प्रश्न सर आणि मॅडम लोकांच्या हातात आहे, म्हणून ही त्यांना नम्र विनंती. आजारी पडलेल्याची ओरल आठवडाभरात परत घेता येईल, अशी एक नोटीस लागू दे. मेडिकल सर्टिफिकेटसाठी तापात वडगावभर फिरायला नको. कुणी याचा गैरफायदा घेईल का? घेईल, दोघं-तिघं घेतील. ते आजही घेतातच. आणि राग मानू नका, पण सीएल संपल्या म्हणून शिंकत शिंकत लेक्चर घेणारे सर पण आम्ही बघितलेत. त्यांची अडचण आणि आमची अडचण एकच आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात लोक घरातला पेशंट लपवायचे, असं आपण इतिहासात शिकलो. सापडला तर सोजीर त्याला उचलून नेणार, घरातलं सामान जाळणार. लोक काय वाईट होते? सापडण्याची किंमत जास्त होती. ती जास्त असली की शहाणा माणूस पण लपवतो. कधी पेशंट लपवतो, कधी नुसता खोकला.

दवाखान्यातून आल्यावर मी आज्जीला सगळं सांगितलं. ओरलचं, किटचं, हसण्याचं. ती म्हणाली, "खोकला हुता ते मला कळलंच हुतं की. आधी बोलली असतीस तर काय तुला घराभाईर ठेवलं असतं व्हय? वरच्या खोलीत आंथरूण टाकलं असतं."

एवढंच लागतं खरं तर. किट, मास्क, आणि खरं बोलल्यावर वरच्या खोलीत अंथरूण टाकणारं कुणीतरी. घरी ते आहे. हॉस्टेलवर करता येईल का? पटत असेल तर या वर्षीचे माझे वीस रुपये आजच घ्या. गणपतीची सुट्टी काही लांब नसते!