‘सून’ म्हणजे नेमके कधी?

इंग्रजीतला ‘सून’ हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. सून म्हणजे लवकर. पण हा शब्द जन्मला तेव्हा त्याला एवढीही सवड मान्य नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो ‘सोना’ असा होता आणि त्याचा अर्थ होता तत्क्षणी. माणसे ‘सोना’ म्हणत राहिली आणि रेंगाळत राहिली. अखेर शब्दाचा अर्थच रेंगाळला!

त्याची भावंडेही याच वाटेने गेली. ‘अनॉन’ म्हणजे मुळात ताबडतोब. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात गुत्त्यातला पोऱ्या फ्रान्सिस प्रत्येक हाकेला ‘अनॉन’ ओरडतो, पण राजपुत्राने बोलण्यात गुंतवल्यामुळे जागचा हलत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते, म्हणजे त्याच क्षणी. आज इंग्लंडात ‘प्रेझेंटली’ येणारा माणूस थोड्या वेळाने येतो. दक्षिण आफ्रिकेत तर ‘जस्ट नाऊ’ म्हणजेसुद्धा नंतर कधीतरी!

आपणही हसायचे कारण नाही. ‘आत्ता येतो’ म्हणून गेलेला माणूस कधी येतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून तर खरी घाई असली की ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणावे लागते. एका ‘आत्ता’ने भागत नाही.

भाषा बिघडली, अशी तक्रार आपण करतो. पण शब्द आपणहून बिघडत नाहीत. न पाळलेल्या वचनांनी ते झिजतात. घरात हे खपून जाते. मात्र पाणी, शिक्षक, पेन्शन यांच्याबाबत ‘लवकरच’ असे उत्तर मिळते, तेव्हा ते वेळ हाताशी असलेल्याने वेळ नसलेल्याला दिलेले असते. तारीख दिली आणि ती चुकली, तर जाब विचारता येतो. ‘लवकरच’ कधी चुकतच नाही, हीच त्याची सोय.

गंमत अशी, की ‘ॲज सून ॲज’ या जोडणीत सूनचा जुना प्रामाणिकपणा अजून टिकून आहे. तिथे त्याचा अर्थ ‘होताक्षणीच’. कारण तिथे तो एका निश्चित घटनेला बांधलेला आहे. मुलाला ‘लवकरच सायकल आणू’ म्हणण्याऐवजी ‘परीक्षा संपली की त्याच दिवशी’ म्हणावे, आणि त्या दिवशी खरोखर आणावी. शब्दांची झीज थांबवायचा दुसरा उपाय नाही.