चार सेंटिमीटरच्या पंख्याची किरकिर

रात्री दहानंतर रस्त्यावरची वर्दळ ओसरली की घरातल्या डेस्कटॉप संगणकाचा आवाज कानाला जाणवू लागतो. त्यातली घरघर बहुधा प्रोसेसरच्या किंवा वीजपुरवठ्याच्या पंख्याची असते आणि तिची सवय होते. सवय होत नाही ती बारीक, चिरक्या शिट्टीची. ती अनेकदा मदरबोर्डवरच्या चिपसेटला थंड ठेवणाऱ्या, जेमतेम ४० मिलिमीटर व्यासाच्या पंख्यातून येते. हा पंखा काढून तिथे नुसता धातूचा, पात्यापात्यांचा हीटसिंक बसवता येतो. हा हौशी लोकांचा उद्योग समजला जातो. आमच्या मते हा आरोग्याचा आणि खिशाचाही प्रश्न आहे.

एवढासा पंखा इतका का ओरडतो? एकाच घडणीचे दोन पंखे सारख्या वेगाने फिरले, तर ते ढकलत असलेली हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे १२० मिलिमीटरचा पंखा ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा २७ पट हवा हलवतो. छोट्याला ही उणीव वेगाने भरून काढावी लागते. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. पाती सात असतील तर हवेला सेकंदाला ७०० ठोके. तो झाला ७०० हर्ट्झचा सूर, आणि त्याच्या पटीतले वरचे सूर थेट २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात जातात. माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो.

अशा आवाजाने बहिरेपण येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्रास वेगळा आहे. एकाच सुराचा आवाज तेवढ्याच डेसिबलच्या पसरट आवाजापेक्षा जास्त खुपतो. म्हणूनच पर्यावरणातील ध्वनिमापनाच्या आयएसओ १९९६ या मानकात ठळक सूर असलेल्या आवाजाच्या मापनात काही डेसिबल वाढवून धरण्याची तरतूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहातील सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती परिसराची. टेबलाखालच्या कॅबिनेटला ती लागू नाही. आणि आपल्याकडे अभ्यासाची, कामाची व झोपण्याची खोली पुष्कळदा एकच असते.

हा पंखा अपरिहार्य होता का? २००४ च्या सुमारास एनव्हिडियाच्या एनफोर्स ४ चिपसेटच्या अनेक बोर्डांवर असे पंखे होते. पुढे मेमरी सांभाळण्याचे काम प्रोसेसरकडे गेले (एएमडीने ते २००३ मध्ये, तर इंटेलने २००८ मध्ये केले), चिपसेटचा भार कमी झाला आणि पंखे जवळपास दिसेनासे झाले. २०१९ मध्ये एएमडीचा एक्स ५७० आला. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीमुळे त्याची उष्णता सुमारे ११ वॅटपर्यंत गेली आणि बहुतेक बोर्डांवर पंखा परतला. गिगाबाइटने मात्र आपल्या एका महागड्या बोर्डावर तेव्हाही पंखा टाळला होता. दोनच वर्षांत, २०२१ मध्ये, एक्स ५७० एस या नावाने बिनपंख्याचे बोर्ड बाजारात आले. म्हणजे अडचण विज्ञानाची नव्हती. धातू आणि जागा कुठे वाचवायची याची होती.

हिशेब साधा आहे. संथ हवेत धातूच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकाला, ढोबळमानाने ८ वॅट उष्णता निघून जाते. चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापू दिली, तर १० वॅटसाठी सुमारे ३१० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागेल. ए४ कागदाच्या अर्ध्या पानाएवढा! तो पात्यांमध्ये विभागला की तळहातापेक्षा लहान ठोकळ्यात मावतो. पाती मात्र विरळ हवीत. दाट पात्यांमधून संथ हवा वर सरकत नाही.

उलट पंख्याची गोष्ट पाहा. स्वस्त बेअरिंगमधले तेल सुकते, धूळ आणि कापसाची लव अडकते. आधी खरखर होते, मग पंखा मुकाट्याने थांबतो. घरातल्यांना वाटते, बरे झाले, आवाज गेला! खाली चिप भाजत राहते. संगणक अधूनमधून गोठू लागतो, हार्ड डिस्क मध्येच दिसेनाशी होते, आणि ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान होऊन एरवी धडधाकट यंत्र भंगारात निघते. फिरणारा भागच नसेल तर तो बंद पडण्याचा प्रश्नही नाही.

तरीही सरसकट पंखे उपटण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. वरचा हिशेब २५ अंशांच्या हवेत चिपला ६५ अंशांवर ठेवतो. मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत ४० अंश असतील, तर तीच चिप ८० वर जाईल, आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरमच असते. म्हणून कॅबिनेटमध्ये संथ फिरणारा एखादा मोठा पंखा हवाच. आधी बायोसमध्ये चिपसेटच्या पंख्याचा वेग कमी करण्याची सोय आहे का ते पाहावे. कधी तेवढ्यानेच भागते. नसेल तर बोर्डावरच्या भोकांमधले अंतर मोजून हीटसिंक घ्यावा. उंच हीटसिंक लांब ग्राफिक्स कार्डाला अडतो, हे विसरू नये. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेले बरे.

जुना हीटसिंक ओढून काढू नये. संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून, वायर काढून, तो हलकेच पिळत सैल करावा. उघड्या सिलिकॉनच्या चिपवर एका बाजूने दाब पडला तर तिचा कोपरा तुटतो. थर्मल पेस्ट भाताच्या शिताएवढी पुरे. पहिला तासभर सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा आकडा पाहत बसावे, आणि तीच तपासणी उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी पुन्हा करावी.