विरेचन : अनुवाद की निवाडा?

ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी ‘विरेचन’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे, की तो अनुवाद नसून एका पक्षाचे भाष्य आहे याचेच विस्मरण झाले आहे. शोकात्मिकेने करुणा आणि भीती यांचे विरेचन होते, असे वर्गात सांगितले जाते, उत्तरपत्रिकेत उतरते, आणि वाद सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल लागतो.

‘विरेचन’ हा शब्द ‘रिच्’ म्हणजे रिकामे करणे या धातूपासून आला. ‘कॅथार्सिस’च्या मुळाशी ‘कथारोस’ म्हणजे निर्मळ हे विशेषण आहे. रिकामे होणे आणि निर्मळ होणे या एकच क्रिया नव्हेत. आयुर्वेदातील विरेचन हे पंचकर्मांपैकी एक, प्रामुख्याने पित्तदोष अधोमार्गाने काढून टाकणारे. ग्रीक संज्ञेचा पैस याहून मोठा आहे. हिपोक्रेटीसच्या परंपरेत ती दूषित द्रव्यांच्या उत्सर्गासाठी येते, हे खरे. पण ॲरिस्टॉटलच्या जीवशास्त्रीय ग्रंथांत ती ऋतुस्रावासारख्या नैसर्गिक क्रियेलाही लागते, आणि ‘पोएटिक्स’च्या सतराव्या प्रकरणात ओरेस्टिसच्या धार्मिक शुद्धिविधीला.

वैद्यकीय अर्थाचे समर्थक ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागाकडे बोट दाखवतात. पवित्र सुरावटी ऐकून उन्मादग्रस्त माणसे जणू उपचार आणि कॅथार्सिस लाभल्याप्रमाणे शांत होतात, असे तेथे म्हटले आहे. याकोब बेर्नायस याने १८५७ मध्ये याच आधारावर लेसिंगप्रणीत नैतिक शुद्धीचे मत खोडून काढले. परंतु त्या विधानातील ‘जणू’ दुर्लक्षिण्याजोगा नाही. उपमा म्हणजे व्याख्या नव्हे. अधिक स्पष्टीकरण काव्यविषयक विवेचनात करू, असे आश्वासन ॲरिस्टॉटल तेथेच देतो, आणि उपलब्ध ‘पोएटिक्स’मध्ये ते सापडत नाही. शिवाय करुणा आणि भीती हा केवळ मल असेल, तर त्यांच्यापासूनच अनुकृतीद्वारे शोकात्मिकेचा खास आनंद निष्पन्न होतो, या चौदाव्या प्रकरणातील प्रतिपादनाची संगती कशी लावायची? मल टाकल्याने सुटका होते. आस्वाद घडत नाही.

‘विरेचन’ने प्रेक्षकाला रुग्ण आणि नाटकाला रेचक ठरवले आहे. त्यापेक्षा ‘शोधन’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक ठरेल. आयुर्वेद वमन आणि विरेचन या दोहोंना शोधनातच गणतो; शुद्धीशी तिचे नाते उघड आहे; आणि ‘शोध’, ‘संशोधन’ या शब्दांमुळे, लिऑन गोल्डन याने १९६२ मध्ये मांडलेला बोधात्मक उलगड्याचा अर्थही तिच्या आवाक्यात येतो. ‘शोधन’नेही वाद मिटणार नाही, आणि तेच तिचे बलस्थान आहे. मूळ ग्रंथात अनिर्णित राहिलेला प्रश्न परस्पर निकालात काढण्याचा अधिकार पारिभाषिक कोशाला कोणी दिलेला नाही.