दिल्लीतला घाटग्यांचा वाडा

उत्तर दिल्लीतल्या सब्जीमंडी, मलकागंज, सदर बाजार या भागांत कुणाचे मूल तापाने फणफणले, कुणी जिन्यावरून घसरून पडले, की घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी पहिले नाव येते ते 'हिंदू राव'चे. टेकडीच्या ज्या लांबट कण्याला दिल्लीकर 'रिज' म्हणतात, त्यावर हे महापालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय उभे आहे. खिशात फार पैसे नसलेल्या माणसाचा तो आधार. २०२० साली, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, थकलेल्या पगारासाठी इथल्या डॉक्टरांना आंदोलन करावे लागले, तेव्हा हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले होते.

पण हे हिंदू राव होते तरी कोण? पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीत राहणाऱ्यालाही हा प्रश्न विचारला तर तो क्षणभर गोंधळतो. मग कुणी त्यांना स्वातंत्र्यसैनिक करून टाकतो, कुणी नुसत्या 'राव'वरून आंध्रातला एखादा पुढारी ठरवतो. गालिबच्या हवेलीचा पत्ता पाठ असलेल्या या शहराला रोजच्या तोंडातल्या या नावाचा मालक मात्र आठवत नाही.

मराठी वाचकाने इतकेच करावे, की 'हिंदू' आणि 'राव' यांच्यामधली फट बुजवावी. हिंदुराव! हे नाव आपल्याकडे जुने आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात बहिर्जी घोरपड्यांना हा किताब मिळाला होता. दिल्लीचे हिंदुराव मात्र घाटगे; कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू.

सर्जेराव हे नाव पुण्याच्या इतिहासात चांगल्या अर्थाने घेतले जात नाही. १७९८ मध्ये त्यांनी आपली लेक बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली आणि जावयाच्या फौजेचा थकलेला पगार भागवण्यासाठी पुण्यातल्या सावकारांना मारझोड करून पैसा उकळला. मुलगी मात्र वेगळ्या धातूची निघाली. घोड्यावर पक्की मांड असलेल्या, कारभारात लक्ष घालणाऱ्या बायजाबाईंनी दौलतरावांच्या पश्चात, म्हणजे १८२७ नंतर, काही वर्षे ग्वाल्हेरचे राज्य स्वतः चालवले.

कागलचा माणूस दिल्लीला कसा पोचला हे समजायचे तर वाट थोडी वाकडी करून आधी नोएडाला जायला हवे. दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर नोएडात 'गोल्फ कोर्स' नावाचे स्थानक आहे. तिथल्या गोल्फच्या मैदानात, हिरव्यागार गवतात, इंग्रजांनी उभारलेला एक दगडी खांब आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या जागेजवळ 'दिल्लीची लढाई' झाली आणि जनरल लेकच्या इंग्रज फौजेने लुई बुर्कां या फ्रेंच सेनानीच्या हाताखालच्या मराठी फौजेचा पराभव केला, असे तो खांब सांगतो. आपल्याकडे या लढाईला पटपडगंजची लढाई म्हणतात. पण म्हणतात तरी किती जण? पानिपतावर मराठीत कादंबऱ्या, नाटके, वाक्प्रचार, सारे काही आहे. 'पानिपत झाले' असे आपण क्रिकेटच्या सामन्यालाही म्हणतो. पण पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमला गादीवर आणून बसवले. आणि १७८८ पासून सलग पंधरा वर्षे शिंद्यांचा अंमल लाल किल्ल्यावर होता. हे सगळे खऱ्या अर्थाने हातचे गेले ते पटपडगंजला.

त्या दिवशी लेकने जुनीच युक्ती वापरली. मराठी तोफा पक्क्या मोर्च्यात होत्या. समोरून चाल केली तर इंग्रज पलटणी भाजून निघाल्या असत्या. म्हणून त्याने घोडदळ पुढे नेले आणि माघार घेतल्याचे सोंग केले. शिंद्यांचे पायदळ मोर्चे सोडून पाठलागाला बाहेर पडले, तो उंच गवताआड थांबलेली इंग्रज पलटण संगिनी रोखून पुढे आली. लेकच्या अंगाखालचा घोडा पडला, पण दिवस त्याचा ठरला. पाच दिवसांनी तो किल्ल्यात गेला, तेव्हा डोळे काढलेला म्हातारा बादशहा फाटक्या छताखाली बसलेला होता. दौलतराव त्या वेळी दिल्लीपासून शेकडो मैल दूर, दक्षिणेत होते. बारा दिवसांनी जालन्याजवळच्या असईला वेलेस्लीने त्यांचा दुसरा पराभव केला, आणि ३० डिसेंबरच्या तहाने दिल्ली-आग्र्यासह गंगा-यमुनेचा दोआब कंपनीला मिळाला. हा तह झाला तो आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीला! संत्र्यांच्या आणि पानमळ्यांच्या त्या गावावरून जाणाऱ्या एस.टी.तल्या प्रवाशाला, दिल्लीचे खरेदीखत इथे झाले, असे सांगितले तर तो थट्टाच समजेल.

दौलतरावांनी दिल्ली गमावली आणि तीस वर्षांनी त्यांचेच मेहुणे दिल्लीत राहायला आले. फौज घेऊन नव्हे, घर विकत घेऊन. १८३३ मध्ये तरुण जनकोजीरावांच्या पक्षाने बायजाबाईंना ग्वाल्हेरबाहेर काढले. त्या उलथापालथीनंतर हिंदुराव दिल्लीत स्थिरावले, आणि त्यांनी घेतलेले घर साधेसुधे नव्हते.

रिजवरचा तो बंगला विल्यम फ्रेझरचा. फ्रेझर हा कंपनी सरकारचा दिल्लीतला सर्वांत मोठा अधिकारी. फारसी जाणणारा, हिंदुस्थानी थाटात राहणारा, मिर्झा गालिबच्या ओळखीचा. फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन खान याच्याशी जहागिरीच्या वाटणीवरून त्याचे बिनसले. २२ मार्च १८३५ च्या रात्री फ्रेझर घरी परतत असताना नवाबाच्या करीम खान नावाच्या माणसाने घोड्यावरून येऊन त्याला गोळी घातली. इंग्रजांनी करीम खानला फाशी दिले आणि ऑक्टोबरमध्ये नवाबालाही. नवाबाचा चार वर्षांचा पोर पोरका झाला. तोच पुढे उर्दूचा नामांकित शायर झाला, 'दाग' देहलवी. फ्रेझरची कबर काश्मिरी गेटच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात आहे. ते चर्च बांधणारा कर्नल स्किनर तरुणपणी शिंद्यांच्याच फौजेत होता. दिल्लीत कुठलाही धागा ओढला तरी दुसऱ्या टोकाला एखादा शिंदे निघतोच.

अशा, खून झालेल्या साहेबाच्या बंगल्यात आपल्याकडचा माणूस वास्तुशांत केल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. हिंदुरावांनी तो घेतला आणि तिथे मोकळेपणाने नांदले. इंग्रज अधिकाऱ्यांत त्यांची ऊठबस होती. एकेकाळी ज्यांच्याशी घराण्याचे हाडवैर, त्यांच्याच पंगतीला बसणारा हा सरदार. त्याला कुणी व्यवहारी म्हणेल, कुणी आणखी काही. पण राज्य गेलेल्या पिढीतल्या माणसाला दुसरे कोणते दार उघडे होते, हेही विचारायला हवे.

त्यांच्या हातून एक काम मात्र असे झाले, की त्याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांना दुवा द्यावा. बंगल्याच्या जमिनीत एका प्रचंड दगडी स्तंभाचे पाच तुकडे पडले होते. हा सम्राट अशोकाचा स्तंभ. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून इथे आणवला. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि तो मोडला. १८३७ मध्ये कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपने अशोकाची लिपी उलगडली आणि अशा दगडांचे मोल एकाएकी वाढले. हिंदुरावांनी हे तुकडे एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. सगळा स्तंभ हलवणे अशक्यच होते. म्हणून लेख असलेला भाग तेवढा करवतीने कापून कलकत्त्याला पाठवण्यात आला. १८६६ मध्ये तो परत आला आणि पुढे तुकडे जोडून स्तंभ उभा राहिला. आज रुग्णालयाजवळ रस्त्याच्या कडेला तो दिसतो. औषधाच्या दुकानाकडे धावणाऱ्यांपैकी फारच थोडे मान वर करून बघतात. रुग्णालयाच्या आवारात फिरोजशहाच्याच काळची एक बावडी आणि 'पीर गैब' नावाची इमारतही आहे.

१८५७ पूर्वीच हिंदुराव वारले. त्यामुळे त्यांच्या घरावर पुढे काय ओढवले ते त्यांना पाहावे लागले नाही. त्या वर्षीच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा रिजवरचे त्यांचे सर्वांत पुढचे आणि सर्वांत धोक्याचे ठाणे म्हणजे 'हिंदुरावांचे घर'. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतल्या गुरख्यांनी ते धरून ठेवले. शहराच्या बुरुजांवरून रोज तोफा डागल्या जात. निम्म्याहून अधिक गुरखे तिथे मेले वा जखमी झाले. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये टिपलेल्या चित्रात भिंतींना भगदाडे पडलेला तो बंगला दिसतो. इंग्रजी इतिहासग्रंथांत 'हिंदू राव' हे दोन शब्द शेकडो वेळा छापले गेले ते या वेढ्यामुळे. घाटगे हे आडनाव तिथेच गळून पडले असावे.

दिल्लीला जाणारी मराठी कुटुंबे लाल किल्ला बघतात. दिवाण-ए-खासमध्ये वाटाड्या वर बोट दाखवून सांगतो, की इथले चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवले. ऐकणारे जरा ओशाळतात. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता, हे वाटाड्या सांगतोच असे नाही. तिथून थोड्याच अंतरावरच्या हिंदुरावाकडे मात्र कुणी वळत नाही. लाल मार्गावरच्या पुल बंगश स्थानकावर उतरून रिक्षा केली, की दहा-पंधरा मिनिटांचे काम. स्तंभ बघायला तिकीट नाही. नोएडाचा खांब गोल्फ क्लबच्या आवारात असल्याने तिथे आधी चौकशी करून जावे.

परतताना सदर बाजाराच्या बाजूने यावे. वाटेत दाटीवाटीची एक वस्ती लागते; हातगाड्या, गोण्या, सायकलरिक्षा आणि हॉर्नचा कल्लोळ. तिचे नाव 'बाड़ा हिंदूराव'. त्याच नावाचे पोलीस ठाणेही तिथे आहे. पाटीवरच्या या 'बाड़ा'ला मराठीत काय म्हणायचे, हे ग्वाल्हेरच्या 'महाराज बाड्या'वरून फिरून आलेल्याला सांगावे लागत नाही.