जिवंत माशाचा खरा हिशेब

अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तलावांत बास नावाचा मासा असतो. रंगाने हिरवट, तोंड मोठे, गळाला लागला की जोरात झुंजणारा. तो धरण्याच्या स्पर्धा भरतात, मोठी बक्षिसे असतात आणि त्यावर होड्या, इंजिने, गळ-दोऱ्या यांची भली मोठी बाजारपेठ उभी आहे. व्यापारी बंधू विचारतील, याच्याशी आपला काय संबंध? संबंध असा की तिथे जिवंत जिन्नस ताब्यात घेऊन काही तासांनी परत द्यायचा असतो, आणि परत देताना तो हलताना दिसला म्हणजे जबाबदारी संपली, असे बहुतेक जण धरून चालतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

या धंद्याला वळण लावले रे स्कॉट या अलाबामाच्या विमा विक्रेत्याने. (विमा जायज की नाजायज, हा मुद्दा आज बाजूला ठेवू.) 1967 साली त्याने पहिली मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बास धरणाऱ्यांची संघटना काढली. धरलेले मासे तेव्हा मरत. 1972 पासून त्याने ते जिंवत ठेवून तलावात सोडण्याचा आग्रह धरला आणि होड्यांमध्ये पाण्याच्या टाक्या आल्या. मासा हे मुद्दल आहे, मुद्दलच खाऊन टाकले तर पुढच्या वर्षी नफा कशातून काढणार, हे त्याला बरोबर कळले होते.

स्पर्धक साधारण पाच मासे दिवसभर टाकीत ठेवतो आणि संध्याकाळी काट्यावर आणतो. या मधल्या तासांतच माशाचे काय होणार ते ठरते. पहिली गरज प्राणवायूची. लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम तरी हवा, त्याच्या खाली गेला की मासा गुदमरू लागतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच. उलट उन्हात माशाची भूक प्राणवायूसाठी वाढलेली असते, म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त. म्हणून जाणकार हवेचा पंप सतत चालू ठेवतात, बर्फ टाकून पाणी थोडे थंड करतात, पण तलावापेक्षा चार-पाच अंशांहून जास्त नाही. एकदम गार केले तर तो धक्काच बसतो. बर्फ क्लोरीनच्या पाण्याचा असेल तर तो टाकीत मोकळा टाकायचा नाही, बंद बाटलीत घालून ठेवायचा. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, म्हणून दर दोन-तीन तासांनी निम्मे पाणी बदलावे लागते. दहा लिटरला 30 ते 50 ग्रॅम मीठ घातले तर त्याला ताण सोसायला मदत होते. हात ओले करूनच मासा धरायचा, कापडाने कधीच नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत. तो निघाला की बुरशी आणि जंतू आत शिरतात. खोल पाण्यातून झटकन वर काढलेल्या माशाचे पोट हवेने फुगते आणि सोडल्यावर तो पालथा तरंगत राहतो.

एवढे सगळे केल्यावर मासा पोहत निघून जातो, लोक टाळ्या वाजवतात. पण दोन-चार दिवसांनी त्यातले काही तळाशी मरून पडतात. पाण्याचे तापमान 25 अंशांच्या वर असेल तर असे मृत्यू वाढतात. स्पर्धेच्या वहीत मात्र काट्यावर मेलेले तेवढेच लिहिलेले असतात. आमच्या कापडात ठाण दुकानात झकास दिसते आणि पहिल्या धुण्यात रंग सोडते, तसाच हा प्रकार. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून खालचा ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपल्याला ठाऊक आहे. वरचे कोरडे दाखवून भागत नाही.

आणखी एक बाब. मासा जिथे धरला तिथे सोडत नाहीत, काट्याच्या धक्क्याजवळ सोडतात. बरेच मासे तिथेच रेंगाळतात आणि एका कोपऱ्यात गर्दी होते. काही आयोजक होडीने ते तलावात लांबवर नेऊन सोडतात, हे चांगलेच आहे. पण वसंतात बासचा नर घरट्यावर पहारा देत असतो. त्याला उचलले की दुसरे लहान मासे थोड्याच वेळात अंडी-पिल्ले फस्त करतात. बाप दूरच्या पाण्यात सुखरूप पोहतो आहे, पण मागचे घर संपलेले असते. हे नुकसान कोणत्या काट्यावर तोलणार?

माझे मत स्पष्ट आहे. मासा होडीतच तोलावा आणि जागीच सोडावा. 2019 साली सुरू झालेल्या बास प्रो टूर स्पर्धेत हीच पद्धत ठेवली गेली, म्हणजे ती अशक्य नाही. मंचावर मासे उंचावून दाखवल्याशिवाय प्रायोजक मिळत नाहीत, असे सांगतात. हे कारण धंद्याचे आहे, माशाच्या भल्याचे नव्हे. ते तसे उघड म्हणावे, उगाच दयेचा मुलामा देऊ नये. खाण्यासाठी मासा धरणे हलाल आहे. निव्वळ करमणुकीसाठी जिवाला यातना देणे उलेमांना पसंत नाही, आणि मलाही नाही.

आपल्याकडे शेततळ्यांत कटला-रोहूचे बीज सोडणारे, शोभेचे मासे विकणारे बांधव आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू, आधी बीज उपाशी ठेवणे, तळ्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग हळूहळू तळ्याचे पाणी आत घेणे, हे त्यांना माहीत असते. पण हिशेब पिशवी हाती दिली की बंद होतो. तिसऱ्या दिवशी तरंगणारी मेलेली पिल्ले एकट्या तळेवाल्याच्या नशिबी. माझी सूचना अशी की सौद्याच्या वेळीच ठरवावे: थोडे बीज मोजून तळ्यातच बारीक जाळीच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवायचे, चौथ्या दिवशी दोघांसमोर मोजायचे आणि शेवटचा हप्ता त्या मोजणीवर द्यायचा. बीजवाल्याने याला नकार दिला तर दुसरा बीजवाला पाहावा.