हॅकिंटॉशची स्क्रीन काळी का पडते? आणि आता तिच्यावर इलाज का उरणार नाही?

साध्या असेंबल केलेल्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चालवायची, हा जगभर लोकप्रिय झालेला जुगाड आता शेवटच्या टप्प्यात आला आहे. मॅकओएस टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असं ॲपलने जून 2025 मध्ये जाहीर केलं. 15 सप्टेंबर 2025 ला टाहो आली. यापुढची मॅकओएस फक्त ॲपलने स्वतः बनवलेल्या चिपवर चालणार आहे.

मग ज्यांच्या घरी असा पीसी आहे, त्यांचं काय होणार?

हॅकिंटॉश आला कुठून?

2006 च्या जानेवारीत इंटेल प्रोसेसर असलेले पहिले मॅक बाजारात आले. मॅकमध्ये आणि साध्या पीसीमध्ये एकाच जातीचे पार्ट्स बसू लागले. मग मॅकओएस आपल्या पीसीवर का चालू नये, असा विचार हौशी मंडळींनी केला. कमी पैशांत व्हिडिओ एडिटिंग आणि म्युझिकची सॉफ्टवेअर वापरता येणार होती.

मात्र ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर टाकता येते. अमेरिकेतल्या सायस्टार कंपनीने 2008 मध्ये असे तयार पीसी विकायला सुरुवात केली. ॲपल कोर्टात गेली, 2009 मध्ये जिंकली आणि ही विक्री बंद झाली.

ॲपलचा लोगो दिसतो, पण पुढे काही होत नाही

सुरू होताना मॅकओएस आपण खऱ्या मॅकवर आहोत का, हे तपासते. इथे ओपनकोर नावाचा बूटलोडर कामाला येतो. मॅकओएस सुरू होण्याआधी तो तिला 'हा अमुक मॉडेलचा मॅक आहे' असं सांगतो आणि मदरबोर्डची माहिती तिला हवी तशी पुरवतो. त्याची एक सेटिंग जरी चुकली, तरी मशीन लोगोवरच अडकतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे व्हर्बोस मोड सुरू करणं. त्यात लोगोऐवजी काय काय लोड होतंय, ते ओळीओळीने दिसतं. गाडी कुठे अडली, याचा धागा शेवटच्या काही ओळींत सापडतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा सीएफजी लॉक चालू राहणं, ही नेहमीची कारणं आहेत.

आणखी एक कारण म्हणजे घाईत केलेला अपडेट. आधी ओपनकोर आणि त्याचे केक्स्ट म्हणजे पूरक ड्रायव्हर अपडेट करायचे, मॅकओएस त्यानंतर. चालू असलेल्या ईएफआय फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर असेल, तर बिघडलेलं मशीन त्यावरून सुरू करता येतं.

लोगो गेला आणि स्क्रीन काळी

इथे बहुतेक वेळा ग्राफिक्सची अडचण असते. आरएक्स 5000 आणि 6000 मालिकेतल्या बऱ्याच एएमडी कार्डांना ओपनकोरमध्ये 'पायकेरा' नावाची एक सूचना द्यावी लागते. ती दिली की डिस्प्ले सुरू होतो.

पण काही कार्डांवर उपायच नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांसाठी मॅकओएसचे ड्रायव्हर कधी आलेच नाहीत. एएमडीच्या आरएक्स 7000 मालिकेचंही तेच. इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स फक्त दहाव्या पिढीपर्यंत चालतं.

म्हणजे बिघाड दोन प्रकारचे आहेत. सेटिंग चुकली असेल, तर ती शोधून दुरुस्त करता येते. ड्रायव्हरच नसेल, तर कितीही रात्री जागवल्या तरी उपयोग नाही.

आता नेमकं काय बदललं?

ओपनकोर मॅकओएसला फसवू शकतो, पण ॲपलने न लिहिलेला कोड पुरवू शकत नाही. एएमडी कार्ड पीसीवर चालायचं, कारण ॲपलने आपल्या मॅकसाठी त्याचा ड्रायव्हर बनवला होता. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये एम1 चिप आली. त्यानंतरच्या ॲपलच्या चिपमध्ये ग्राफिक्स आतच असतं. इंटेलचे मॅक सपोर्टमधून गेले की, साध्या पीसीच्या प्रोसेसरवर चालेल अशी मॅकओएसच उरत नाही. यापुढच्या आवृत्त्यांसाठी प्रत्येक हॅकिंटॉश दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात मोडेल.

ज्यांच्याकडे असा पीसी आहे, त्यांनी काय करावं?

मशीन नीट चालत असेल, तर लगेच फेकायची गरज नाही. इंटेल मॅकना तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतील, असं ॲपलने सांगितलं आहे. म्हणजे साधारण 2028 पर्यंत वेळ आहे. त्यानंतर नेट बँकिंगसारखी कामं त्यावर करणं धोक्याचं ठरेल. टाहोवर जाण्याआधी पूर्ण बॅकअप घेतलेला बरा.

हॅकिंटॉशसाठी नवे पार्ट्स घेण्यात मात्र आता अर्थ नाही. एम4 चिपचा मॅक मिनी ऑक्टोबर 2024 मध्ये भारतात 59,900 रुपयांपासून आला. असेंबल केलेला पीसी स्वस्त पडतो, हे हॅकिंटॉशचं मुख्य आकर्षण होतं. या किमतीपुढे तेही बरंच कमी झालं आहे.

जुना पीसीही वाया जात नाही. तेच कार्ड, तोच प्रोसेसर लिनक्स किंवा विंडोजवर चालतो, आणि तिथे त्याला मॅक असल्याचं सोंग आणावं लागत नाही.