गुत्त्याला पाटी, मग सभेला कां नाहीं?

दारू सोड म्हणून सांगणाऱ्यांचा आपल्या देशांत कधींच तुटवडा नव्हता. पण सोडतों म्हणणाऱ्यानें उद्यां सायंकाळीं कोठें जावें, हें सांगणारा शोधूनहि सांपडत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं, पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां, दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. १९०८ सालीं टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांत गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. हे प्रयत्न थोर खरे, पण त्यांचा रोख दुकानावर होता. दुकानांतून बाहेर पडूं इच्छिणाऱ्या माणसाचें काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि आज आम्ही तोच हातीं घेत आहों.

गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर वकील आहे. सनद तात्पुरती रद्द झाल्याचा अपमान जिव्हारीं लागून तो प्याल्याकडे वळतो. (आमच्या धंद्यांतील मंडळींनीं हें नाटक केवळ करमणूक म्हणून पाहूं नये.) त्याला पाजावयास तळीराम आहे आणि सोबतीला ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. परंतु ज्यांनीं प्याला खालीं ठेविला, अशांचें मंडळ त्या नाटकांत कोठेंच नाहीं. सुधाकराभोंवतीं पत्नी, मेहुणा, मित्र अशीं मायेचीं माणसें आहेत. पण त्याच वाटेनें जाऊन परत आलेला असा या तिघांत एकहि नाहीं.

असा माणूस भेटल्यानें काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. मे १९३५ मध्यें न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारांतला गृहस्थ ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं एका व्यवहारासाठीं आला. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पांच महिने झाले होते. हॉटेलाच्या दिवाणखान्यांत तो येरझारा घालीत असतां एका बाजूनें बारमधील गलबला ऐकूं येत होता, आणि दुसऱ्या बाजूस गांवांतील चर्चांची यादी लाविलेली होती. ती यादी पाहून त्यानें टेलिफोन केला, व आपल्यासारख्याच एखाद्या दारूग्रस्ताशीं गांठ घालून द्याल काय, असें विचारलें. त्यांतून डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची भेट झाली. १० जून १९३५ हा स्मिथच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संस्था तोच आपला जन्मदिवस मानते. व्यापारी वाचकांनीं या हकीकतींतील यादी तेवढी लक्षांत ठेवावी. ती नसती, तरी बार होताच.

या संस्थेच्या सभा आज मुंबई-पुण्यासह अनेक गांवीं भरतात. पुष्कळदां शाळेच्या वर्गांत, नाहींतर चर्चच्या आवारांत. फी नाहीं, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. तास-दीड तास जो तो स्वतःची हकीकत सांगतो, दुसऱ्याला शहाणपण शिकवीत नाहीं. पुरें नांव सांगावें लागत नाहीं. खुल्या सभेस घरच्या माणसांसही जातां येतें. कुटुंबियांसाठीं ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संस्था आहे. हे भोळ्या भाविकांचे खेळ आहेत असें ज्यांस वाटतें, त्यांनीं २०२० सालचा कॉक्रेन संस्थेचा आढावा पाहावा: दारूपासून कायमचें दूर राहण्याच्या कामीं ही पद्धति इतर मान्य उपचारांच्या तोडीची, कांहीं बाबतींत सरसही ठरली. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडल्यास झटके येऊन जीवावर बेतूं शकतें. त्यानें आधीं डॉक्टर गांठावा. पुण्याच्या मुक्तांगणासारखीं केंद्रें (तें १९८६ सालीं सुरू झालें) त्यासाठींच आहेत. पण केंद्रांतून घरीं परतल्यावर पुढच्या शनिवारच्या सायंकाळचें काय? सभेची खरी गरज तेथें लागते.

आणि तेथेंच घोडें अडतें. सभासदांचीं नांवें गुप्त, हें योग्यच. पण त्याबरोबर सभेचा पत्ताही गुप्त होऊन बसला आहे. आमच्या प्रांतांत १९४९ सालापासून कायद्याचें नांव ‘दारूबंदी’, आणि त्याच कायद्याखालीं मिळालेल्या परवान्यांच्या दुकानांवर दिव्यांच्या पाट्या! सभेची वेळ मात्र कोठें लिहिलेली दिसत नाहीं. सरकारची १४४४६ ही मोफत टेलिफोन-सेवा आहे. आमच्या वाचकांपैकीं किती जणांना हा आंकडा पाठ आहे?

शाळेचा वर्ग मागावयास गेल्यास चालक म्हणतात, “आमच्या शाळेंत दारूडे नकोत.” अहो, त्या वर्गांत जे येतात ते दारू टाकून आलेले किंवा टाकूं पाहणारे, जे टाकूं इच्छीत नाहींत ते त्या वेळीं दुसरीकडे असतात, आणि तेथें त्यांना जागा नाकारणारा कोणी नाहीं. दुसरी अडचण प्रतिष्ठेची. बारच्या पायऱ्या चढतांना चार ओळखीचे दिसले तर रामराम होतो. सभेच्या पायऱ्या चढतांना दिसले तर लाज वाटते. ही लाज कोणीं शिकविली, याचा विचार सभ्य गृहस्थांनीं करावा.

आमची मागणी मोठी नाहीं. सिव्हिल हॉस्पिटल, न्यायालय, पोलीस ठाणें व एस. टी. स्टँड येथें जवळच्या सभेचा वार, वेळ व पत्ता लिहिलेला एक फळा लागावा. म्युनिसिपालिटीनें शाळेचा एक वर्ग आठवड्यांतून एक सायंकाळ द्यावा. व्यापारी मंडळांच्या आणि धर्मशाळांच्या खोल्या वर्षांतले किती दिवस कुलपांत असतात, हें विश्वस्त जाणतातच. जागा फुकट द्यावी असेंही आमचें म्हणणें नाहीं; बाहेरच्यांची देणगी न घेण्याची या संस्थेची रीत असल्यानें, हजर मंडळींत टोपी फिरवून ती भाडें स्वतः देते. विश्वस्तांनीं फक्त किल्ली द्यावयाची आहे.